मंडपात सिनेमा दाखवायचाय? आधी मागच्या टेबलाकडे बघा

गणपतीत एका संध्याकाळी मुलांसाठी सिनेमा लावायचा, ही आमच्या सोसायटीतली पद्धत आता बारा वर्षांची झाली. प्रोजेक्टरच्या टेबलाशी बसायचं काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. बारा वर्षांत दोनदा खेळ अर्ध्यावर बुडाला. दोन्ही वेळा पडदा जागच्या जागी ठणठणीत होता, गडबड मागे टेबलापाशी झाली होती. ज्यांच्या मंडळात यंदा पहिल्यांदाच हे ठरलंय त्यांच्यासाठी आमच्या वहीतली तयारी इथे उतरवतोय. पडदा, पताका, पॉपकॉर्न हे सगळं कुणीही आठवणीने करतं, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही.

पंधरा दिवस आधी मंडपात टेप घेऊन उभे राहा. आमचा पडदा १० फूट रुंद आणि साधारण साडेपाच फूट उंच. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको, म्हणजे आमच्या हिशेबात ३३ फूट. त्यापलीकडे बसणाऱ्यांना पडद्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, नाहीतर पुढच्यांची डोकी सिनेमात काम करतात. मग प्रोजेक्टरवाल्याला दोन आकडे विचारा. पहिला थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट. तो १.५ असेल तर १० फुटांच्या चित्रासाठी यंत्र पडद्यापासून १५ फुटांवर बसणार. म्हणजे चक्क प्रेक्षकांच्या मधोमध, आणि ती जागा खुर्च्या मांडण्याआधीच राखून ठेवावी लागते. दुसरा आकडा ल्युमेन्सचा, म्हणजे उजेडाचा, आणि तो ‘एएनएसआय’ ल्युमेन्समध्येच (ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या) विचारा. खोक्यावर नुसते भलेमोठे आकडे छापलेली छोटी यंत्रं घरातल्या काळोख्या खोलीत बरी दिसतात, मंडपात रडतात. दहा फुटी पडद्याला ३,००० ते ३,५०० खरे ल्युमेन्स हवेतच, आणि तेही अंधार पडल्यावर. भाद्रपदात आमच्याकडे सूर्य साडेसहा-पावणेसातला मावळतो. सव्वासातच्या आत पडद्यावर काही धड दिसत नाही. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो (काही दिवसांपुरती सरकार बारापर्यंत सूट देतं, तुमचा दिवस त्यात आहे का ते विचारून घ्या). म्हणजे आरती आणि दहा यांच्या मध्ये जेवढा वेळ उरतो तेवढ्यात बसणारा सिनेमा निवडा. सिनेमाचं आणखी एक: घरच्या ओटीटीची वर्गणी घरात बघण्यासाठी असते. चारचौघांत दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो.

यंत्र आदल्या दिवशी हातात घ्या, त्याच संध्याकाळी नको. मेनूत लॅम्पचे तास दिसतात. लॅम्पचं आयुष्य मॉडेलप्रमाणे ३,००० ते ५,००० तासांच्या घरात असतं. ते संपत आलेला प्रोजेक्टर भाड्याने देऊ केला तर सरळ दुसरा मागा. उजेड कमी पडतो हे त्यातलं छोटं कारण. हे दिवे पाऱ्याच्या वाफेचे, आतला दाब पेटल्यावर बाहेरच्या हवेच्या दाबाच्या २०० पटींच्या वर जातो, आणि म्हातारा दिवा फुटण्याची शक्यता वाढते. मग हवेची जाळी काढून बघा. आमच्याकडे एका वर्षी ती काढली तर राखाडी गोधडीच निघाली, आणि गोधडीत आधीच्या कुठल्या तरी मंडळाचा गुलाल. यंत्राचा प्लग काढून, पूर्ण गार करून मगच साफसफाई. लेन्सला रुमाल लावू नका. रबरी फुंकणीने धूळ उडवायची आणि चष्म्याच्या मऊ फडक्याने हलकेच पुसायचं.

आता वीज. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमचा पहिला बुडालेला खेळ विजेमुळे बुडाला. त्या वर्षी मंडपाच्या तात्पुरत्या थ्री-फेज जोडणीवरून सगळ्यांनाच वीज दिली होती: माळा, पंखे, साउंड, प्रोजेक्टर. सिनेमा चालू असताना एका बाजूच्या माळा मंदावल्या आणि आमच्या डोक्यावरची माळ लख्ख झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाचेक सेकंदांत प्रोजेक्टर काळा पडला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. कुठेतरी पिळून टेप मारलेला न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामायिक परतीची वायर, सुटला होता. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथे २३० ची वीज तीनशे व्होल्टच्या वर चढू शकते, आणि नाजूक यंत्रं सगळ्यात आधी जातात. एक माळ मंद आणि दुसरी लख्ख दिसली तर टाळ्या वाजवू नका, मेन स्विच पाडा.

तेव्हापासून आमची वीज मंडपातून येतच नाही. सोसायटीच्या ऑफिसातल्या पक्क्या सॉकेटमधून, जिथे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) आहे, तिथून एकच वायर येते. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि साउंडचा मिक्सर, तिन्ही त्याच वायरवर. तिघांची अर्थिंग एकच राहिली की स्पीकरमधली ती ‘हम्म’ बहुतेक वेळा आपोआप जाते, हा बोनस. वायर तीन कोअरचीच घ्या आणि तिसरी पिन मोडलेला प्लग कुणी पुढे केला तर त्याच्यासमोरच कचऱ्यात टाका. गुंडाळीची एक्स्टेंशन असेल तर शेवटपर्यंत उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतल्या आत ती मऊ होते. बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भाद्रपद आहे; टेबलाच्या पायाला कमरेच्या उंचीवर बांधा. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा, तीही भार चालू असताना: फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ च्या मध्ये, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट. तिसरं माप दहा-वीसच्या वर गेलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रल कुठेतरी लंगडतोय. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असं म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. शक्य असेल तर मध्ये एक यूपीएस बसवा. सिनेमा चालवायला नाही, वीज गेल्यावर प्रोजेक्टरच्या आतला पंखा दोन मिनिटं फिरायला. का, ते पुढे सांगतो.

टेबल लाकडी, जड आणि न डुगडुगणारं. त्यावर सॅटिनचं कापड अंथरायचा मोह सजावटवाल्यांना होतोच; होऊ देऊ नका. बऱ्याच प्रोजेक्टरना हवा पोटाखालून जाते आणि मऊ कापड नेमकं तिथेच चिकटतं. चारी बाजूंनी निदान हातभर जागा मोकळी ठेवा, आणि ज्या बाजूने गरम हवा बाहेर पडते तिथे कुणाची खुर्ची, पाण्याची बाटली किंवा लॅपटॉप नको. चित्र वर सरकवायला यंत्राखाली प्रसादाच्या वाट्या आणि आरतीसंग्रहांची चवड लावलेली मी पाहिली आहे. त्यापेक्षा टेबल उंच करा, किंवा यंत्राचे स्वतःचे स्क्रूचे पाय फिरवा. आरती संपेपर्यंत प्रोजेक्टर खोक्यातच राहू द्या. धूप, कापूर आणि लेन्स यांचं पटत नाही.

टेबलाभोवती तीन फुटांवर दोरी बांधा. ही दोरी यंत्रासाठी कमी आणि मुलांच्या डोळ्यांसाठी जास्त. पाच-सहा वर्षांच्या पोरांना पडद्यापेक्षा उजेड कुठून येतो याचंच कुतूहल असतं, आणि ती थेट लेन्सला डोळा लावायला येतात. तो झोत जवळून बघणं डोळ्यांना घातक आहे, मग यंत्र जुन्या लॅम्पचं असो की नव्या लेझरचं. लेझरच्या बऱ्याच यंत्रांवर ‘आरजी २’ अशी डोळ्यांच्या धोक्याची पातळी सांगणारी खूण आणि झोताकडे टक लावू नका अशी सूचना छापलेलीच असते. दोरीशी एक मोठं माणूस बसवा, ज्याला सिनेमा बघायचा नाही. आमच्याकडे हे काम एका आजींनी आपणहून घेतलंय. त्यांच्यापुढे कुणाची टाप नाही.

केबल जोडताना मेन स्विच बंद. आधी एचडीएमआय दोन्ही टोकांना घट्ट बसवायची, मग ऑडिओची पिन, आणि शेवटी वीज. याचं कारण मी बोटांनी शिकलो. दोन पिनी, म्हणजे अर्थिंग नसलेल्या, चार्जरवर लावलेला लॅपटॉप, दुसऱ्या हातात प्रोजेक्टरमधून आलेल्या केबलचं धातूचं टोक, आणि मनगटापर्यंत बारीक झिणझिण्या. माणसाला झिणझिण्यांवर भागतं, पोर्ट मात्र कायमचा जाऊ शकतो. साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरजवळच ठेवा. वायर लोकांच्या वाटेतून न्यायचीच असेल तर बांबूंवरून डोक्याच्या वर न्या. सतरंजीखाली दडवलेल्या वायरीवरून चारशे पावलं जातात आणि ती कुठे सोलली ते कुणाला दिसत नाही.

लॅपटॉपची झोप बंद करा, सिनेमा डिस्कवर उतरवून ठेवा, आणि नेट तोडा. एका वर्षी ऐन रंगात आलेल्या प्रसंगावर कोपऱ्यातून मेसेज उगवला: ‘अहो, कोथिंबीर आणलीत का?’ तो आजही आरतीनंतर ऐकावा लागतो.

प्रोजेक्टर सिनेमाच्या वीस मिनिटं आधी लावा. गरम होताना फोकस किंचित सरकतो, म्हणून पहिल्या मिनिटाला केलेला फोकस धरू नका. दहा-पंधरा मिनिटांनी मेनूतली बारीक अक्षरं बघून पुन्हा करा. चित्र वर रुंद, खाली अरुंद दिसलं की सगळे कीस्टोनच्या, म्हणजे तिरकं चित्र चौकोनी करणाऱ्या, बटणाकडे धावतात. त्याने चित्र चौकोनी होतं खरं, पण चुरगळून आणि फिकं होऊन. आधी यंत्र पडद्याच्या मध्यरेषेवर आणा आणि जमेल तितकं सपाट ठेवा, उरलेलं कीस्टोनवर.

खेळ चालू असताना माझं लक्ष आवाजावर असतं, सिनेमाच्या नव्हे, पंख्याच्या. तो अचानक जोरात घोंघावायला लागला तर हवा कुठेतरी अडली आहे. आमचा दुसरा बुडालेला खेळ असाच गेला. पावसाची एक सर आली, मी साउंडकडे धावलो, आणि तेवढ्यात एका काकांनी प्रेमापोटी प्रोजेक्टरवर साड्यांच्या दुकानाची मोठी पिशवी पांघरली. तापमानाचा लाल दिवा लुकलुकला आणि यंत्राने स्वतःला बंद करून घेतलं. पिशवीचा कोपरा जाळीला चिकटून वितळला होता. चालू यंत्रावर काहीही पांघरायचं नाही. ताडपत्री चार फूट वर, आधीच बांधलेली हवी, आणि पाऊस आडवा यायला लागला तर खेळ बंद. उजेडाला पाकोळ्या आणि पावसाळी किडे येतात. टेबलापासून लांब एक ट्यूब लावून ठेवली की निम्मे तिकडे जातात. मधे बक्षीस वाटप असेल तर रिमोटवरचं चित्र झाकायचं बटण दाबा. लेन्सवर टोपण किंवा पुठ्ठा लावू नका, झोताच्या उष्णतेने टोपण वितळतं.

मधेच फट् असा आवाज होऊन अंधार झाला तर लॅम्प फुटला असं धरा. प्लग काढा, मुलांना लांब न्या, हवा खेळती राहू द्या आणि यंत्र उघडायच्या भानगडीत पडू नका; आत काचेचे तुकडे आणि थोडा पारा असतो. भाड्याने देणाऱ्याला तसंच परत करा, काय झालं ते सांगून.

सिनेमा संपला की सगळ्यात घाई वायरी ओढणाऱ्यांना असते. लॅम्पचं यंत्र बटणाने बंद करायचं (बहुतेक वेळा दोनदा दाबावं लागतं), मग पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो. आतला दिवा हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि तो पंखाच त्याला निववतो. त्यासाठीच तो यूपीएस. थेट प्लग काढला तरी चालेल अशी काही नवी यंत्रं आहेत, पण तसं पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच. वीज जाऊन आली तरी लगेच बटण दाबत बसू नका, गरम दिवा पुन्हा पेटत नाही. पंखा थांबला की प्लग काढा, केबल सैल गुंडाळा, रिमोट मोजून पिशवीत. यंत्राच्या पाठीवर हात ठेवून बघा. कोमट लागलं तर ते खोक्यात घालू नका. तोवर खुर्च्या उचलायला लागा.