ठिणगी पडते, पण अळंबी पेट घेत नाही: माझा उपाय

सातपुड्यात वाळलेल्या खोडांना लाकडासारखी कडक अळंबी येते. चकमकीची ठिणगी धरून आग पेटवायला ती वापरता येते, पण नुसती वाळवली तर ठिणगी तिच्यावर बहुधा विझते. आधी तिचा कोळसा करावा लागतो. वरची टणक साल आणि खालचा छिद्रांचा थर तासून मधला तपकिरी गर घ्या. 3-4 मिलिमीटरचे काप खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवा. पत्र्याच्या डबीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडा, काप भरा, उघड्यावर निखाऱ्यांवर ठेवा. धूर थांबला की उतरवा आणि त्याच खिळ्याने भोक बुजवा. पूर्ण गार होईपर्यंत झाकण अजिबात उघडू नका! हवा लागली की काप आतल्या आत धुमसून राख होतात. काप तपकिरीच राहिले तर पुन्हा निखाऱ्यांवर. पावसाळ्यात मात्र तयार काप ठेवायला घट्ट झाकणाची बरणी हवीच.