आईची बिडाची शेगडी पुन्हा पेटवली, त्याची कृती

माळ्यावरून शेगडी उतरवली तेव्हा तिच्या पोटात चिमणीचं वाळकं घरटं आणि मूठभर जुनी राख होती. 1984 साली घरी गॅस आला आणि आईनं ती वर टाकली. पूर्ण बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, तीन पायांची. पुढे राख काढायचं तोंड, आत उचलून निघणारी जाळी, वर भांडं टेकवायला तीन खूर. मी कोल्हापुरातल्या फौंड्रीत 31 वर्षं बीड ओतण्यात घालवली. ही शेगडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता. तुमच्याकडे अशी पडून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

घासायच्या आधी ती धड आहे का ते बघा. जाळी काढून ठेवा, शेगडी दोरीला टांगा आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोका. घंटेसारखा नाद घुमला तर बीड शाबूत आहे. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे, मग तो डोळ्याला दिसो न दिसो. तडा शोधायची फौंड्रीतली रीत अशी: रॉकेल फासायचं, पंधरा मिनिटांनी फडक्यानं कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड चोळायची. तड्यात शिरलेलं रॉकेल सावकाश बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी बारीक काळपट रेघ उमटते. हल्ली रॉकेल मिळत नाही, डिझेलनंही काम होतं. मात्र हे उघड्यावर करा आणि जवळ विस्तव नको.

आमच्या शेगडीला तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन पेरांएवढी रेघ निघाली. अशा वेळी लोक वेल्डिंगला धावतात. गार बिडावर वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारी नवा तडा जातो, हे मी कितीदा पाहिलंय. रेघेच्या टोकाला ड्रिलनं 3 मिलिमीटरचं भोक पाडा. तडा तिथवर येतो आणि थांबतो.

गंज काढायला तारेचा ब्रश आणि 80 नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. तोंडाला मास्क लावा. जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं. पाणी मारून खरवडा. जाळीच्या फटींत ब्रश जात नाही, म्हणून ती निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी अशा मिश्रणात अर्धा तास ठेवा. रात्रभर नको, गंज संपला की आम्ल बीडच खायला लागतं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच गरम करून वाळवा.

आमची जाळी जळून मधोमध खचली होती. तिचाच साचा धरून ओळखीच्या फौंड्रीत नवी ओतून घेतली. बीड थिजताना आणि गार होताना शेकडा एक या हिशेबानं आकसतं, म्हणजे 18 सेंटिमीटरची जाळी जवळपास 2 मिलिमीटर लहान येते. ते चांगलंच, तापल्यावर तिला फुगायला जागा मिळते. फटी पेन्सिल जाईल एवढ्या हव्यात. शेगडीचा जीव वाऱ्यात आहे: खालच्या तोंडातून वारा आत, फटींतून वर, मग निखारा फुलतो. फटी बुजल्या तर कितीही पंखा घाला, कोळसा नुसता धुमसतो.

आतून जाळीच्या वर बोटभर जाडीचं लिंपण करा. वारुळाची माती, चाळलेली राख आणि भाताचा भुसा पाण्यात मळून एक रात्र मुरवली, मग हातानं लिंपली. पाच दिवस सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर त्याच मातीनं बुजवा. बाहेरून तापलेल्या बिडावर जवसाचं तेल आणि ग्राफाइटची पूड फडक्यानं चोळा. मऊ काळी झाक येते. चंदेरी रंग मारू नका. तो तापून सोलतो, आणि बिडाचं रूप झाकून काय मिळवायचं?

पहिला जाळ छोटा ठेवा. मावशीची अशीच शेगडी मी पूर्वी दुरुस्त केली, घाईनं भरून पेटवली आणि ओल्या लिंपणावर मोठा विस्तव केला. टण्ण आवाज झाला आणि वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली. ती आवडती शेगडी माझ्या हातून गेली, हे अजून सलतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त चार-पाच निखारे, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी पूर्ण.

कोळसा लाकडी हवा, बाभळीचा मिळाला तर उत्तम. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणले पाहिजेत. दगडी कोळशावर अन्न थेट भाजू नका. पेटवायला रॉकेल नको, वास भाकरीत उतरतो. नारळाची शेंडी आणि करवंटीचे तुकडे घ्या. वीसेक मिनिटांत निखाऱ्यांवर पांढरी साय धरते, तेव्हा शेगडी तयार. हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर. बंद खोलीत शेगडी कधीही नको, अगदी थंडीतही नको: कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

सुरुवात वांग्यापासून करा. वांग्याला चार चिरा देऊन त्यात लसणाच्या पाकळ्या खुपसा, तेलाचं बोट फिरवा आणि खुरांवर लोखंडी जाळी ठेवून त्यावर भाजा. गॅल्व्हनाइज्ड जाळी वापरू नका, तापल्यावर जस्ताचा धूर निघतो. देठ धरून दर दोन-तीन मिनिटांनी फिरवत राहा. साल काळी पडून फुटते, रस निखाऱ्यावर पडून चर्र होतो, आणि वांगं अंग टाकतं. मग झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा आणि सोला. नळाखाली धुऊ नका, भाजल्याची चव त्याच पाण्याबरोबर जाते.

मग ज्वारीची भाकरी. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकू लागलं की उलटा, खालची बाजू चांगली भाजू द्या. मग तवा उतरवून पहिली बाजू खाली करून जाळीवर टाका. पाच-सहा सेकंद काही होत नाही. मग कडेला एक फुगा उठतो, सरकत मध्यापर्यंत जातो आणि भाकरी टम्म होते. कोंबडी भाजायची असेल तर आधी मीठ-हळदीवर शिजत आणा आणि कांदा-लसूण मसाला शेवटच्या पाच मिनिटांत लावा. आधी लावला तर जळून कडू होतो.

उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी ओतू नका, तापलेलं बीड तडकेल. चिमट्यानं उचलून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. तेच कोळसे पुढच्या वेळी लवकर पेटतात. दुसऱ्या दिवशी राख पूर्ण काढा. आमच्याकडच्या पावसाळ्यात राख ओलावा धरते आणि बीड आतून खाते. मी जूनमध्ये शेगडीला तेलाचा हात देऊन पोत्यात गुंडाळतो. यंदा ती माळ्यावर नाही, ओटीवरच ठेवलीय.