ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीयेत? नवीन कंट्रोलर घ्यायच्या आधी एवढी तयारी करा

डेनव्हरकडचे आपले बरेच लोक आता पिकअपमागे कॅम्पर लावून डोंगरात जायला लागलेत म्हणून लिहितोय. (कंट्रोलर म्हणजे ट्रकमधलं, ट्रेलरच्या विजेवरच्या ब्रेकना करंट सोडणारं यंत्र.) आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना मागचं ५,००० पौंडांचं धूड ट्रकला ढकलायला लागलं की काय होतं ते बाजूचे रनअवे रॅम्प (ब्रेक गेलेल्या गाड्या थांबवायचे चढ) बघून कळतंच. मागच्या जूनमध्ये निघायच्या आदल्या रात्री माझ्या डॅशवर ट्रेलर जोडलेलाच नाही असं यायला लागलं, मी ट्रिप रद्द केली, मुलं खूप हिरमुसली, पण तो निर्णय बरोबरच होता. म्हणून ही तपासणी किमान आठवडाभर आधी घरासमोर करा.

आधी सामान जमवा: मल्टीमीटर, साधी टेस्ट लाइट, जमलं तर डीसी क्लॅम्प मीटर, जास्तीचे फ्यूज, कॉन्टॅक्ट क्लीनर, छोटा तारेचा ब्रश, डायइलेक्ट्रिक ग्रीस, जॅक आणि स्टँड, चाकांना चॉक, एक होकायंत्र (का ते खाली सांगतो) आणि पेडल दाबायला घरातलं कुणीतरी. ट्रेलर हिचवरच (ट्रकमागच्या जोडणीवर) राहू द्या.

मग पहिला प्रश्न एकच, दोष ट्रकमध्ये आहे की ट्रेलरमध्ये. ओळखीच्या कुणाचा ट्रेलर तुमच्या ट्रकला लावून बघता आला तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं. नाहीतर कंट्रोलरची हाताची लिव्हर दाबा, लिव्हरने ब्रेक लागतात पण पेडलने नाही असं असेल तर ब्रेक लाइटच्या स्विचकडून येणारा सिग्नल कंट्रोलरला मिळत नाहीये. दोन्हीने लागत नसतील तर फ्यूज बघा आणि मग ट्रकच्या सेव्हन पिन सॉकेटमधे (ट्रेलरचा प्लग लागतो तिथे) ब्रेकच्या पिनवर टेस्ट लाइट लावा, लिव्हर हळूहळू दाबली की दिवा हळूहळू उजळायला हवा. इथे एक लक्षात ठेवा, कंपनीतूनच बसवून आलेले काही कंट्रोलर ट्रेलर जोडलेला नसेल तर करंट सोडतच नाहीत, त्यामुळे दिवा लागला नाही म्हणून लगेच कंट्रोलर गेला असं धरू नका.

आता ट्रेलर. प्लग काढा, काढाच, कारण जोडलेला ठेवून ब्रेकअवेची पिन (ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याच्याच बॅटरीवर ब्रेक लावणारी) ओढली तर चांगला कंट्रोलर खराब होऊ शकतो. एकेक करून प्रत्येक चाक जॅकवर उचला, पिन ओढा, चाक हाताने फिरवून बघा. चारही चाकं जाम झाली तर ट्रेलरचे ब्रेक ठीक आहेत, दोष प्लगमध्ये किंवा ट्रकमध्ये आहे. पिन लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी संपते आणि ब्रेकमधले मॅग्नेट (विजेवर चालणारे चुंबक) तापतात. एखादंच चाक फिरत राहिलं तर त्याच्या मॅग्नेटला करंट पोचतोय का ते बघायला होकायंत्र हबजवळ धरा आणि कुणाला तरी परत पिन ओढायला सांगा, मॅग्नेट जिवंत असेल तर सुई झटकन वळते. क्लॅम्प मीटर असेल तर ब्रेकच्या तारेभोवती लावा, १० ते १२ इंची ड्रमच्या प्रत्येक मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर लागतात, म्हणजे दोन अ‍ॅक्सलना १२ च्या आसपास, ९ दिसले तर एक मेलाय, शून्य दिसलं तर तार तुटलीय किंवा पांढऱ्या तारेचं अर्थिंग (ग्राउंड) गंजलंय, आणि खूपच जास्त दिसले तर कुठेतरी शॉर्ट आहे. कधी लागतात कधी नाही अशी तक्रार असेल तर अ‍ॅक्सलच्या नळीतून जाणारी तार आधी बघा, आतल्या आत घासून तिचं इन्सुलेशन जातं आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

माझ्याकडे निघालं ते इतकं साधं की राग आला. ट्रेलरच्या प्लगमधल्या ब्रेकच्या पिनवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, नखाने खरवडला तर पावडर पडली. क्लीनर, ब्रश, ग्रीस, झालं काम. याच्यासाठी एका दुकानाने मला नवा कंट्रोलर घ्यायला सांगितलं होतं.

सगळं जुळलं की कंट्रोलरचा गेन (ब्रेकना किती जोर द्यायचा ते) परत सेट करा, रिकाम्या सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी २५ मैलांच्या आसपास लिव्हर पूर्ण दाबायची, चाकं लॉक होऊन घसटली तर गेन कमी करत यायचं, लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबायचं. पाणी आणि सामान भरल्यावर हे परत करावं लागतं. आणि निघायच्या सकाळी गल्लीतून बाहेर पडतानाच लिव्हर एकदा दाबा, मागून ओढ बसली तरच हायवेला लागा.