दुसऱ्या कुणाच्या भाषेचा इंटरप्रिटर लिहिताय? या चुका टाळा

प्रचलित प्रोग्रामिंग भाषेचं नवं मुक्तस्रोत इम्प्लिमेंटेशन, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्राम चालवणारा नवा इंटरप्रिटर, लिहायला घेतलं की सुरुवात झपाट्याने होते. पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) उभा राहतो, लूप चालतात आणि रीडमीत ‘८० टक्के पूर्ण’ असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. ते कशाचे टक्के, हे अजून तुम्हालाही माहीत नसतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मॅन्युअलवर विसंबणं. लोकांचे प्रोग्राम मूळ इंटरप्रिटरच्या सवयींवर बेतलेले असतात. सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या मूळ इंटरप्रिटरमध्ये, एकाच ओळीत फाइल उघडून मजकूर लिहिला, तर फाइलकडे बोट दाखवणारा शेवटचा रेफरन्स सुटताच फाइल बंद होते आणि मजकूर डिस्कवर जातो. पायथनचाच दुसरा इंटरप्रिटर पायपाय रेफरन्स मोजत नाही. तिथे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर फिरकेपर्यंत तीच फाइल रिकामी दिसू शकते. खरं तर फाइल आपोआप बंद करणारं ‘विथ’ न वापरणाऱ्याची चूक, पण बग रिपोर्ट तुमच्या नावावर येतो.

इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला असेल तर भागाकार आंधळेपणाने सीच्या हवाली करू नका. पायथनमध्ये -७ // २ म्हणजे -४. सीमध्ये -७ / २ म्हणजे -३. २ ने भागल्यावरची बाकीही पायथनमध्ये १ आणि सीमध्ये -१. धन संख्यांच्या टेस्ट हिरव्याच राहतात, आणि पुढे कधीतरी कुणाचं तरी कॅलेंडर एक दिवस चुकतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. तोच प्रोग्राम मूळ आणि तुमच्या, दोन्ही इंटरप्रिटरवर चालवा आणि आउटपुट डिफ करा, म्हणजे ओळीनुसार ताडून पाहा. फरक दिसला की प्रोग्राम अर्धा-अर्धा छाटत जा. चार-पाच ओळी उरल्या की त्यांची टेस्ट करून ठेवा. रुबी भाषेसाठी रुबी-स्पेक हा टेस्टचा संच तयार आहे, राकू भाषेसाठी रोस्ट. आयतं मिळतंय ते आधी वापरा.

कधीतरीच होणारा, जागा बदलणारा क्रॅश? बहुधा एखादा रूट (वापरातल्या गोष्टींचा शोध जिथून सुरू होतो ती जागा) गार्बेज कलेक्टरला सांगायचा राहिलाय. क्रॅश झाला त्या ओळीकडे बघत बसू नका. प्रत्येक मेमरी अ‍ॅलोकेशनला कलेक्शन सक्तीने चालवा, रुबीत जीसी.स्ट्रेस हेच करतं. सगळं रखडत चालेल, पण बग आपल्या मूळ जागेजवळ सापडेल.

जेआयटीला (प्रोग्राम चालू असतानाच मशीन कोड बनवणाऱ्या कंपायलरला) हे सगळं मार्गी लागल्यावरच हात घाला.

आणि तारखा देऊ नका. पर्ल ६ ची (आताच्या राकूची) घोषणा २००० साली झाली, पहिली स्थिर आवृत्ती आली डिसेंबर २०१५ मध्ये. त्यापेक्षा प्रत्येक आवृत्तीसोबत कोणत्या लायब्ररी चालतात आणि कोणत्या अडतात, एवढी यादी द्या.