लहान मुलांच्या आयांनो, फोन कमी करताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रागाच्या भरात सगळी ॲप्स उडवणं. आज इन्स्टा डिलीट, दोन दिवसांनी परत इन्स्टॉल, वर गिल्ट फुकटचा. अहो पण ठाण्यात घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर घर, सासर माहेर दोन्ही लांब, नवरा सकाळी फास्ट लोकल पकडून जातो तो रात्रीच उगवतो, दिवसभर बोलायला दीड वर्षाचं पोर, मग बाई फोन घेणारच ना हातात! आधी तो कधी घेतला जातो ते बघा. अँड्रॉइडला डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनला स्क्रीन टाइम असतं, त्यात कळतं. बाळ झोपल्यावर रील्स बघता? बघा बिनधास्त.

खरा घोळ बाळ समोर जागं असताना होतो. 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला, त्यात आई बाळाशी खेळता खेळता अचानक चेहरा निर्विकार करते, बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, मग तोंड फिरवतं, रडतं. तेव्हा मोबाईल नव्हते, पण फोनमध्ये घुसलेला आपला चेहरा आठवा जरा. लगेच घाबरू नका, आई परत बोलायला लागली की बाळ सावरतं, फक्त दिवसभर तेच चालू नको. मेसेज करायचाच असेल तर "थांब हां, बाबाला मेसेज करते" असं बोलून करा आणि फोन खाली ठेवा.

जेवताना त्याला एक स्क्रीन आणि आपल्याला एक, हे पण बंद. बालरोगतज्ज्ञांची संघटना इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स म्हणते दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, 2 ते 5 वर्षांत दिवसाला फार तर 1 तास. आजीचा व्हिडिओ कॉल चालतो.

रात्री दूध पाजताना स्क्रोल केलं की बाळ झोपतं आणि आपण जागेच, त्यापेक्षा हळू आवाजात गाणी लावा. सोसायटीचा ग्रुप कायमचा म्यूट, पाण्याचा टँकर आला की वॉचमन सांगतोच.

आणि सारखं रडू येतंय, कशातच मन लागत नाहीये म्हणून फोन सुटत नसेल तर प्रॉब्लेम फोनचा नाहीये, डॉक्टरांशी बोला किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फ्री आहे, मराठीत बोलता येतं.

नवऱ्यांची चूक वेगळीच, स्वतः मॅच बघत "किती फोन बघतेस गं" म्हणायचं. रविवारी पोराला घेऊन तासभर उपवन तलावावर जा, बायकोला घरी एकटीला राहू दे, मग ती फोन का बघेना.