अ‍ॅपायरेजच्या चाचणीत एन्झाइमशिवायचा ब्लँकही हिरवा : माझा अनुभव

अ‍ॅपायरेज हे एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूतून फॉस्फेट तोडणारे एन्झाइम.

लक्षण : फॉस्फेट असले की हिरव्या होणाऱ्या मॅलाकाइट ग्रीन अभिकर्मकाने फॉस्फेट मोजताना एन्झाइम नसलेली, नुसत्या एटीपीची तुलनेची नळीही (ब्लँक) हिरवी होते आणि वाचन मिनिटागणिक चढत जाते. नवा रंग-अभिकर्मक, ताजे पाणी, कमी एन्झाइम, कशाने फरक पडला नाही. वैताग आला.

दोष दोन, पण दिसतात सारखे. ते वेगळे करायला तीन ब्लँक लावले : नुसते पाणी, बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आणि एटीपी, बफर आणि एन्झाइम. पाणी पिवळेच राहिले. एन्झाइमची नळी क्षणात हिरवी झाली, कारण एन्झाइमचा साठा पीबीएस या फॉस्फेटच्या बफरमध्ये होता. त्यात साधारण १० मिलिमोलर फॉस्फेट असते. शंभरपट पातळ करूनही १०० मायक्रोमोलर उरते. एटीपीची नळी मात्र हळूहळू हिरवी झाली : अभिकर्मकातल्या आम्लाने एटीपी आपोआप तुटतो.

आधी डीसॉल्टिंग कॉलममधून (प्रथिनापासून क्षार वेगळे करणारी नळी) एन्झाइम पीएच ६.५ च्या, फॉस्फेट नसलेल्या एमईएस बफरमध्ये घेतले. अभिक्रियेत ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. ते नसेल तर अ‍ॅपायरेज थंडच. मग ५० मायक्रोलिटर नमुन्यात ८०० मायक्रोलिटर अभिकर्मक, बरोबर १ मिनिटाने ३४ टक्के सोडियम सायट्रेट १०० मायक्रोलिटर, लगेच ढवळणे. सायट्रेट अभिकर्मकातले उरलेले मॉलिब्डेट (फॉस्फेटशी जुळून रंग आणणारा घटक) बांधून ठेवते, म्हणून नंतर सुटणाऱ्या फॉस्फेटला रंग येत नाही. वाचन ६६० नॅनोमीटरला.

हे १ मिनिट प्रत्येक नळीला स्वतंत्र मोजावे, स्टँडर्डलाही. काचेची भांडी टाळा, साबणातले फॉस्फेट धुऊनही चिकटून राहते.