गाडीच्या दर्शनी भागावरील किड्यांचे डाग
पावसाळ्याच्या तोंडावर महामार्गावरून रात्रभर गाडी चालवली, की सकाळी बंपर, बॉनेट आणि समोरची काच किड्यांच्या पिवळसर डागांनी भरलेली दिसते. हे डाग शक्यतो त्याच दिवशी काढावेत, कारण किड्यांच्या शरीरातील आम्लधर्मी द्रव उन्हात तापून रंगावरच्या पारदर्शक थराला खातो आणि मग उरलेला ठसा पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

कोरड्या फडक्याने घासणे ही सर्वांत मोठी चूक होय. किड्यांची कडक कवचे आणि त्यांवर बसलेली धूळ यांमुळे रंगावर बारीक ओरखडे उठतात. त्याऐवजी गाडी सावलीत गार होऊ द्यावी, कार शाम्पूच्या कोमट पाण्यात भिजवलेले मायक्रोफायबरचे फडके डागांवर १० ते १५ मिनिटे पसरून ठेवावे, ते वाळू लागल्यास पुन्हा ओले करावे, आणि खपली मऊ झाली की अलगद पुसून भरपूर पाण्याने धुवावे. भांड्यांची घासणी तर मुळीच लावू नये. समोरच्या जाळीमागे असलेल्या कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) नाजूक पात्या वाकतात, म्हणून तेथे प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारू नये.

लांबच्या प्रवासाआधी बंपर व बॉनेटवर वॅक्सचा थर द्यावा. किडे तरीही आदळतील, पण डाग सहज निघतील. चालत्या गाडीत काचेवर किडा फुटल्यास आधी वॉशरचे पाणी सोडून मगच वायपर चालवावा, अन्यथा तो चिकट द्रव काचभर पसरतो आणि समोरच्या वाहनांच्या प्रकाशात रस्ताच दिसेनासा होतो.